माशाच्या आतड्याची स्लाइड: शेततळ्याच्या काठापासून मायक्रोस्कोपपर्यंत

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला माशाच्या आतड्याची स्लाइड बिघडली की खापर फुटतं ते रंगावर, नाहीतर मायक्रोटोमच्या (पातळ छेद कापायच्या यंत्राच्या) सुरीवर. बहुतेक वेळा ती स्लाइड त्याच्या चार दिवस आधीच, मासा मेल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत बिघडलेली असते. आतड्यात पाचक एन्झाइम तयारच असतात. मासा मेला तरी त्यांचं काम थांबत नाही. खाल्लेलं संपलं की ती आतड्याचंच अस्तर पचवायला घेतात. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की हे काम आणखी वेगानं होतं. म्हणून या लेखात काठावरच्या कामाला जास्त जागा दिली आहे. रंगाची कृती कुठल्याही प्रॅक्टिकलच्या वहीत सापडते.

दोन मासे घ्या, एक नको

एकाच माशाचं आतडं पाहून काही कळत नाही. रोहू आणि मरळ शेजारी शेजारी ठेवा. रोहू शाकाहाराकडे झुकलेला, त्याला खरं जठर नाही आणि आतडं शरीराच्या कितीतरी पट लांब, वेटोळं घातलेलं. मरळ शिकारी, तिला पिशवीसारखं स्पष्ट जठर, जठराच्या शेवटी दोन आंधळ्या पिशव्या म्हणजे पायलोरिक सीका, आणि आतडं आखूड. या दोन टोकांच्या मधे बाकीचे सगळे बसतात. मृगळ शक्यतो टाळा. तो तळाचा गाळ चाळून खातो, त्यामुळे आतड्यात बारीक वाळू असते, आणि वाळूचा एक कणसुद्धा सुरीच्या धारेला खाच पाडतो. मग त्या सुरीनं काढलेल्या प्रत्येक छेदावर एकाच जागी उभा ओरखडा उमटत राहतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) घेतला तरी हीच अडचण येते.

मांगूर चालेल का, असं हमखास विचारलं जातं. देशी मागूर मिळाला तर जरूर घ्या. थाई मांगुराच्या पालनावर मात्र देशात २००० सालापासून बंदी आहे, त्यामुळे प्रयोगशाळेच्या रजिस्टरात त्याची नोंद करण्याची वेळ येऊ देऊ नका.

मासा कुठून आणायचा

बाजारात बर्फावर मांडलेला मासा खायला उत्तम, स्लाइडला बिनकामाचा. पैठणला किंवा माजलगावला धरणाच्या काठी पहाटे उतरणारा मासा ताजा दिसतो खरा, पण तंगुसाच्या जाळ्यात तो रात्रीच अडकून मेलेला असू शकतो. डोळे चकचकीत आहेत, कल्ले लाल आहेत, यावर जाऊ नका. आतडं कल्ल्यांच्या कितीतरी आधी उतरतं. जिवंत मासा मिळायच्या दोन खात्रीच्या जागा आहेत: ओढजाळं लावायच्या दिवशीचं शेततळं, आणि मरळ-मागूर पाण्याच्या टबात जिवंत ठेवणारा विक्रेता. गिऱ्हाइकासाठी मासा कापला जाताना आतडं आपण उचलायचं, हा सगळ्यात चांगला मार्ग, कारण त्यासाठी वेगळा जीव घ्यावा लागत नाही. विक्रेत्याला आधी सांगून ठेवा की पोट चिरताना कोयता खोल घालू नका. आतडं ओढून न काढता पोट उघडून द्या, बाकीचं आम्ही करतो.

प्रयोगशाळेत जिवंत मासा आणत असाल तर कॉलेजच्या नैतिक समितीची परवानगी आधी घ्या. मासा स्वच्छ, हवा सोडलेल्या पाण्यात २४ तास उपाशी ठेवा. आतडं बरंचसं रिकामं होतं आणि सुरी वाचते. चरबीचे थेंब किंवा पचनाच्या वेळची स्थिती पाहायची असेल तर मात्र उपास नको.

बेशुद्ध करायला लवंग तेल पुरतं. ते पाण्यात थेट मिसळत नाही, वर तरंगतं. १ मिली तेल ९ मिली अल्कोहोलमध्ये हलवून घ्या आणि या मिश्रणाचे ४ मिली दर लिटर पाण्याला टाका. कल्ल्यांची झाकणं हलायची थांबल्यावर आणखी १० मिनिटं मासा त्याच पाण्यात राहू द्या. मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेतात, त्यामुळे ते पृष्ठभागावर येऊन तोंडानं हवा ओढतात आणि उशिरा शांत होतात. घाई करू नका. पूर्ण बेशुद्ध झाल्यावर डोक्यामागे मणका तोडला की मरणाबद्दल शंका राहत नाही.

काठावर न्यायची पिशवी

फिक्सेटिव्ह (पेशी आहेत तशा टिकवणारा द्रव) आधी तयार हवं. मासा हातात आल्यावर फॉर्मालिन मोजत बसलात की गेलीच दहा मिनिटं. न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनचं प्रमाण असं: बाजारचं ३७ ते ४० टक्के फॉर्मालिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. वीस लिटरच्या जारचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर नव्हे, हे नवीन विद्यार्थ्याला दरवर्षी सांगावं लागतं. हिवाळ्यात, विशेषतः परभणीकडच्या थंडीत, फॉर्मालिनच्या बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसतो. तो पॅराफॉर्मल्डिहाइडचा असतो आणि तेवढी ताकद द्रवातून कमी झालेली असते. अशी बाटली मापात धरू नका.

पेशींची केंद्रकं आणि अस्तर जास्त ठसठशीत हवं असेल तर बुआँ द्रव घ्या: पिक्रिक अ‍ॅसिडचं संपृक्त जलीय द्रावण ७५ मिली, फॉर्मालिन २५ मिली, ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ५ मिली. माशाच्या आतड्याला आमची पसंती यालाच. एकच धोका लक्षात ठेवा: पिक्रिक अ‍ॅसिड सुकलं की स्फोटक होतं. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या बाटलीच्या झाकणाभोवती पिवळे खडे दिसले तर ते झाकण फिरवायचं नाही, लगेच विभागप्रमुखांना कळवायचं. आणि फॉर्मालिन कर्करोगकारक आहे; ते ओतायचं काम मोकळ्या हवेत किंवा धुराड्याखालीच (फ्यूम हूड) करा, हातमोजे घाला.

याशिवाय पिशवीत ०.७ टक्के मिठाचं पाणी (लिटरला ७ ग्रॅम), ५ मिलीची बोथट सुईची सिरिंज, शिवणाचा दोरा, नवं ब्लेड, जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या, शिसपेन्सिल आणि कागदाचे कपटे. बॉलपेननं लिहिलेली चिठ्ठी अल्कोहोलमध्ये कोरी होऊन बाहेर येते.

कापायची रीत

पोट गुदद्वारापासून पुढे चिरा, कात्रीचं टोक वरच्या अंगाला ठेवून. रोहूची वेटोळी हातानं उलगडू नका. त्यांच्यामधून चरबी आणि यकृत-स्वादुपिंडाचे पदर विणलेले असतात, ओढलं की आतड्याची भिंत ताणली जाते आणि आतल्या घड्या सपाट होतात. पदर कात्रीनं कापत जा. लांबी हवी असेल तर आतडं ताणायचं नाही, शेजारी दोरा ठेवून दोरा मोजायचा.

आता मुख्य गोष्ट. फिक्सेटिव्ह भिंतीतून हळूहळू आत शिरतं आणि एन्झाइमांचं काम सुरू असतं आतल्या बाजूनं. म्हणून द्रव आतून द्या. आतड्याचं एक टोक धरून सिरिंजनं मिठाचं पाणी हलकेच सोडा, आतला ऐवज वाहून गेला की दुसरं टोक दोऱ्यानं बांधा, त्यात फिक्सेटिव्ह भरा आणि पहिलं टोक बांधा. आतडं नुसतं गोल व्हायला हवं, फुग्यासारखं टरटरलं तर घड्या पसरून गेल्या असं समजा. जोरानं धुतलं तरी तोच तोटा, वर अस्तर सोलून निघतं ते वेगळंच. भरलेलं आतडं तसंच फिक्सेटिव्हच्या बाटलीत सोडा. तासाभरात ते घट्ट होतं, मग ब्लेडच्या एकाच ओढीत ५ मिलिमीटरच्या रिंगा कापा. ताजं आतडं लगेच कापलं तर स्नायू आकसतात आणि कापलेली कड मोज्यासारखी उलटते.

मरळीचं जठर एका बाजूनं चिरून, पुठ्ठ्यावर अस्तर वर करून काट्यांनी टाचा आणि फिक्सेटिव्हवर पालथं तरंगवा. एक काटा कमी चालेल, ताण नको.

कुठले तुकडे घ्यायचे? रोहूचे पाच: अन्ननलिका, आतड्याचा पुढचा फुगीर भाग, मधलं आतडं, मागचं आतडं, मलाशय. मरळीची अन्ननलिका, जठराचा वरचा भाग, पायलोरस (जठराचं आतड्याकडचं टोक), एक सीकम (आंधळी पिशवी), पुढचं आणि मागचं आतडं. प्रत्येकाची बाटली वेगळी. प्रक्रिया झाल्यावर सगळे तुकडे सारखेच दिसतात. द्रव तुकड्याच्या निदान वीसपट हवा.

बुआँमध्ये १२ ते २४ तास, फॉर्मालिनमध्ये २४ ते ४८ तास. बुआँनंतर ७० टक्के अल्कोहोल पिवळं व्हायचं थांबेपर्यंत बदलत राहा. चिमूटभर लिथियम कार्बोनेट टाकलं की काम लवकर होतं.

अल्कोहोल, झायलीन, मेण

७० टक्के अल्कोहोलमध्ये तुकडे आठवडाभर थांबले तरी बिघडत नाही. त्यापुढे मात्र थांबायला जागा नाही. ८०, ९०, ९५ टक्के प्रत्येकी ४५ मिनिटं, मग अबसोल्यूटचे (निर्जल अल्कोहोलचे) दोन बदल ४५ मिनिटांचे. झायलीन (अल्कोहोल काढून मेणाला वाट करून देणारं) दोनदा, १५ ते २० मिनिटं, तुकडा अर्धपारदर्शक होईपर्यंतच. माशाचं आतडं उंदराच्या आतड्यापेक्षा नाजूक असतं. झायलीनमध्ये जेवणाची सुट्टी काढलीत तर तुकडा पापडासारखा ठिसूळ होतो. अबसोल्यूटचा परवाना नसलेल्या कॉलेजात आयसोप्रोपिल अल्कोहोलवर भागतं, फक्त वेळ थोडा वाढवा.

पावसाळ्यात अबसोल्यूट अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं. बाटलीच्या तळाशी निर्जल कॉपर सल्फेटचा थर ठेवा, वर फिल्टर पेपर. पांढरी पूड निळी झाली की त्या बाटलीतलं अल्कोहोल अबसोल्यूट राहिलेलं नाही. तुकडा झायलीनमध्ये टाकताच दुधाळ ढग उठला तर पाणी राहिलंय. झायलीन वाढवून ते जात नाही, मागे अबसोल्यूटमध्ये न्यावंच लागतं.

५८ ते ६० अंशांना वितळणाऱ्या मेणाचे तीन बदल, प्रत्येकी ४५ मिनिटं, ओव्हन ६० ते ६२ अंशांवर. त्यापेक्षा तापलं तर तुकडा आक्रसून कडक होतो. वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर ती टाळून काम लावा. ओव्हनचं दार न उघडता राहिलात तर थोडा वेळ मेण धरून राहतं. पुरतं गोठलंच तर हळूहळू वितळू द्या आणि त्या बदलाचा वेळ पुन्हा पहिल्यापासून धरा. दिवा लावून वरून तापवणं हा शहाणपणा नाही.

एल-मोल्डमध्ये (मेणाचा ब्लॉक ओतायच्या साच्यात) रिंग उभी ठेवा, म्हणजे वरून पाहिलं तर पोकळी दिसली पाहिजे. आडवी पडली की उभा छेद मिळतो, तिरपी झाली की काहीच धड मिळत नाही.

छेद काढताना

५ मायक्रॉन. मे महिन्यात ब्लॉक मऊ होतो आणि छेद चुरगळत येतात. ब्लॉकचं तोंड १० मिनिटं बर्फावर टेकवा, दर दहा-बारा छेदांनंतर पुन्हा. पंखा बंद, घाम आला तरी. सकाळी सातला आलात तर निम्मी भांडणं मिटतात. वॉटर बाथ ४५ अंशांवर ठेवा. रिबन (एकमेकांना चिकटून आलेली छेदांची पट्टी) तरंगवल्यावर सुरकुत्या गेल्या नाहीत तर पाणी गार आहे, अस्तर पसरून विरघळल्यासारखं झालं तर फार गरम. स्लाइडला मेयरचं अल्ब्युमिन (अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरीन समभाग, १०० मिलीला १ ग्रॅम सोडियम सॅलिसिलेट) अगदी पुसल्यासारखं लावा. जाड लावलं तर तेही इओसिन (गुलाबी रंग) घेतं आणि मागे गुलाबी धुकं दिसतं.

रंग

हिमॅटॉक्सिलिन-इओसिन: झायलीन ५ मिनिटं दोनदा, उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यात, हॅरिसचं हिमॅटॉक्सिलिन ५ ते ८ मिनिटं, पाणी, १ टक्का अ‍ॅसिड अल्कोहोलमध्ये दोन-तीन बुचकळ्या, मग निळं होईपर्यंत वाहतं पाणी. इथे आपल्या बोअरचं जड, क्षारयुक्त पाणी फायद्याचं ठरतं. जे पाणी चहाच्या भांड्यावर पांढरे थर चढवतं तेच हिमॅटॉक्सिलिनला पाच मिनिटांत छान निळं करतं. नंतर इओसिन १ ते २ मिनिटं, ९५ टक्के, अबसोल्यूट दोनदा, झायलीन, आणि शेवटी कव्हरस्लिप चिकटवायला डीपीएक्स.

पण आतडं समजून घ्यायचं तर अल्शियन ब्लू आणि पीएएस (पिरिऑडिक आम्ल आणि शिफ) ही जोडी लावा. अल्शियन ब्लू १ ग्रॅम ३ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या १०० मिलीत, पीएच २.५, अर्धा तास. धुवा. १ टक्का पिरिऑडिक अ‍ॅसिड ५ ते १० मिनिटं, डिस्टिल्ड वॉटर, शिफ द्रव १५ मिनिटं अंधारात, मग १० मिनिटं कोमट वाहतं पाणी. मे महिन्यात गच्चीवरची टाकी ते फुकट पुरवते. आम्लधर्मी श्लेष्म (बुळबुळीत स्राव) निळा, उदासीन श्लेष्म किरमिजी, मिश्र असेल तर जांभळा. शिफची बाटली जुनी असेल तर आधी तपासा: १० मिली फॉर्मालिनमध्ये काही थेंब टाका. झटकन लालसर किरमिजी रंग आला तर चांगली, रेंगाळत निळसर जांभळा आला तर फेकून द्या.

आता पाहायचं काय

आधी कमी भिंगातून स्नायूंचा गोल पाहा. त्याची जाडी सगळीकडे सारखी असेल तर छेद सरळ आहे. एका बाजूला दुप्पट दिसली तर छेद तिरपा, आणि तिरप्या छेदात एकेरी अस्तरही अनेक थरांचं भासतं. यातूनच जर्नलांमध्ये चुकीच्या आकृत्या शिरतात.

दुसरी गफलत पाठ्यपुस्तकानं होते. डोक्यात सस्तन प्राण्याचं आतडं असतं आणि मुलं माशात तेच शोधत बसतात. रोहूच्या आतड्यात लीबरकूनच्या ग्रंथी नाहीत, ब्रुनरच्या नाहीत, पॅनेथ पेशी नाहीत, पायरचे पॅच नाहीत. बोटांसारख्या व्हिलायही नाहीत, लांबट घड्या आहेत. म्युकोसा (आतलं अस्तर) आणि सबम्युकोसा (त्याखालचा थर) यांच्यामधली स्नायूंची पातळ पट्टी बऱ्याचदा नसतेच, त्यामुळे घडीच्या गाभ्यातला संयोजी पदर खालच्या थरात सरळ मिसळून जातो. ती सीमारेषा ओढून दाखवू नका; नसलेली रेषा काढली की परीक्षक लगेच ओळखतो.

अन्ननलिकेचं अस्तर अनेक थरांचं, गॉब्लेट (श्लेष्म सोडणाऱ्या) पेशींनी गच्च भरलेलं. माशाला लाळग्रंथी नाहीत, घास सरकवायचं काम हा श्लेष्मच करतो. खालचे स्नायू आडव्या पट्ट्यांचे, म्हणजे रेखित असतात. ते पट्टे ४०च्या भिंगात फोकस हलवून शोधा. रोहूच्या या भागात भिंतीलगत दुसरी छोटी नळी दिसली तर ती विकृती समजू नका. वाताशयाकडे जाणारी नलिका तिथेच उघडते.

मरळीच्या जठराचा छेद पहिल्यांदा पाहताना घाई करू नका. पोकळीच्या कडेला उंच स्तंभाकार पेशींची एकच रांग. त्यांच्यात गॉब्लेट पेशी नाहीत, पण प्रत्येक पेशीच्या डोक्यावर पीएएसनं किरमिजी टोपी चढलेली. ही टोपी म्हणजे भिंतीला स्वतःच्या आम्लापासून वाचवणारा उदासीन श्लेष्म. रांग जागोजाग खाली खचते, त्या खड्ड्यांच्या तळाशी नळीसारख्या ग्रंथींचे झुबके. त्यांच्यात पेशी एकाच प्रकारच्या, कणीदार, इओसिननं गुलाबी. सस्तनांत आम्ल एक पेशी करते आणि पेप्सिनोजेन (प्रथिनं पचवणाऱ्या पेप्सिनचं आधीचं रूप) दुसरी. माशात ही दोन्ही कामं हीच एक पेशी करते. पायलोरसकडे सरकलात की ग्रंथी संपतात आणि गोल स्नायू जाड होतो.

आता रोहूचा फुगीर भाग शेजारी ठेवा. बाहेरून तो जठरासारखा दिसतो, जुन्या जर्नलांत त्याला जठर म्हटलेलंही सापडतं. आत एकही जठरग्रंथी नाही. उंच, फांद्या फुटलेल्या घड्या आहेत, पेशींच्या टोकाला ब्रश बॉर्डरची (शोषणाऱ्या सूक्ष्म तंतूंच्या झालरीची) बारीक किरमिजी रेघ आहे आणि मधे मधे गॉब्लेट पेशी आहेत. म्हणजे हे आतडंच आहे. भिंतीबाहेर चरबीत गडद पेशींचे पुंजके आणि त्यांच्या आत लालभडक कण दिसले तर ते स्वादुपिंड. रोहूत ते एका जागी नसतं, विखुरलेलं असतं.

मागच्या आतड्यात घड्या ठेंगण्या, गॉब्लेट पेशी जास्त. काही पेशींत केंद्रकाच्या वर मोठी पोकळी दिसते. तिथे न पचलेली प्रथिनं अख्खी आत घेतली जातात. पुढच्या भागातल्या रिकाम्या पांढऱ्या थेंबांशी याची गल्लत करू नका. पेंड खाल्लेल्या माशाच्या पुढच्या आतड्यात ते थेंब चरबीचे असतात, आणि झायलीननं चरबी धुऊन नेल्यामुळे रिकामे दिसतात.

पोकळीत सुट्या पेशींचा गाळ, घड्यांची टोकं बोडकी, केंद्रकं पुसट: हा रोग नाही, उशीर आहे. काळपट तपकिरी बारीक कण सगळीकडे विखुरले असतील तर फॉर्मालिन आम्लधर्मी होतं. रंगवण्याआधी छेद पिक्रिक अ‍ॅसिडच्या संपृक्त अल्कोहोली द्रावणात ठेवले तर ते जातात.

वाम किंवा मरळीच्या आतड्यात कृमी सापडणं आपल्याकडे नवलाचं नाही. मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्र विभागांत माशांच्या पट्टकृमींवर बरंच काम झालेलं आहे. छेदात पोकळीतल्या एखाद्या आकृतीला स्वतःची पचननलिका नसेल आणि आत गोल चुनखडी कण दिसले तर तो पट्टकृमी. त्याला टेकलेली घडी चपटी झालेली असते. काटेरी सोंड भिंतीत खोल, अगदी स्नायूपर्यंत शिरलेली दिसली तर काटेरी डोक्याचा कृमी, अ‍ॅकँथोसेफला.

मोजमाप

स्टेज मायक्रोमीटरचा (मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडचा) एक भाग १० मायक्रॉनचा. समजा ४०च्या भिंगाखाली डोळ्याच्या भिंगातल्या पट्टीचे १०० भाग स्टेजच्या २५ भागांशी जुळले, तर डोळ्याच्या पट्टीचा एक भाग २.५ मायक्रॉन. प्रत्येक भिंगाला हे वेगळं काढायचं, शेजारच्या मायक्रोस्कोपचा आकडा चालत नाही. घडीची उंची बुडापासून टोकापर्यंत, पूर्ण दिसणाऱ्या दहा घड्यांची घ्या. गॉब्लेट पेशी अस्तराच्या दर १०० पेशींमागे मोजा. एकच पेशी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून मोजायचे दोन छेद निदान ५० मायक्रॉन अंतरावरचे, म्हणजे रिबनमधले मधले दहा छेद सोडून घ्या. मेणात टिश्यू बराच आक्रसतो, त्यामुळे बुआँमधल्या रोहूची उंची फॉर्मालिनमधल्या मरळीशी ताडून पाहू नका. दोन्ही मासे एकाच द्रवात, एकाच दिवशी, एकाच ओव्हनमधून गेलेले हवेत.